हवेचा फेरफार कोणाच्या सहीने?



बुलढाण्यातल्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण देताना संयोजकांनी मला एक अट कळवली होती. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या गुरुजींचा दंडक असा, की वक्त्याने विषय हवा तेवढा मोठा घ्यावा, पण जिल्ह्याची वेस ओलांडून फार वेळ बाहेर राहू नये. माझा विषय वेसच काय, देशाची सीमा ओलांडून जाणारा आहे. कार्बन प्रकल्पांना मंजुरी देणारी राष्ट्रीय संस्था कशी असावी, आणि मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या कास्तकाराचं तिच्याशी काय देणंघेणं, यावर मी बोलणार आहे. दंडक पाळायचा प्रयत्न करीन. थोडं फिरून यावं लागेल, तेवढी सवलत द्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली अशी एक संस्था नेमली. २१ जणांची समिती, अध्यक्षपदी पर्यावरण खात्याचे सचिव. सोबत परराष्ट्र, पोलाद, अक्षय ऊर्जा अशी खाती आणि नीती आयोग. कोणते प्रकल्प परदेशाशी कार्बनचा व्यवहार करू शकतील याची यादी सुचवायची, आलेले प्रकल्प तपासायचे आणि मान्यता द्यायची, हे तिचं काम. त्याच महिन्याच्या ७ तारखेला भारताने जपानबरोबर कार्बनच्या देवघेवीचा करारही केला. पण ही संस्था काही पहिली नाही. मे २०२२ मध्ये याच कामासाठी एक नेमली होती. त्याच्याही आधी, डिसेंबर २००३ मध्ये, क्योटो कराराखाली आणखी एक. म्हणजे ही तिसरी खेप. पहिल्या खेपेचा हिशेब मांडल्याशिवाय तिसरीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबवला, किंवा हवेतून शोषून घेतला, की एक कार्बन क्रेडिट तयार होतं. ज्या कारखान्याला किंवा विमान कंपनीला स्वतःचा धूर कमी करणं जमत नाही, ती हे क्रेडिट विकत घेते आणि आपल्या नावावर जमा करते. गोष्ट एवढीच. अडचण अशी, की विकलेला माल डोळ्यांना दिसत नाही. कापसाची गाठ दिसते, खामगावच्या बाजारात चांदी तोलून घेता येते. ‘न सुटलेला धूर’ तोलायचा कसा? तो कागदावरच असतो. म्हणून या व्यवहारात सगळी मदार कागदावर, आणि कागदावर सही कोणाची यावर.

आपल्याला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. जमीन विकली की खरेदीखत होतं, पण तेवढ्याने भागत नाही. तलाठ्याकडे फेरफार नोंदवावा लागतो. विकणाऱ्याचं नाव कमी होतं, घेणाऱ्याचं चढतं. फेरफार झालाच नाही तर एकच जमीन दोघं आपली म्हणून सांगतात, आणि पुढची पिढी कोर्टात. पॅरिस करारात नेमकी हीच नोंद सक्तीची केली आहे. भारतात वाचलेला एक टन जपानने विकत घेतला, तर जपानच्या खात्यात तो वजा धरला जातो, आणि भारताला आपल्या खात्यात तेवढा धूर वाढवून दाखवावा लागतो. हा फेरफार दुसरं कोणी नोंदवू शकत नाही. देशाच्या वतीने सही करणारं माणूस देशाचंच लागतं. राष्ट्रीय संस्था हवी ती एवढ्यासाठी.

पहिल्या खेपेला हा फेरफारच नव्हता, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला असं माझं मत आहे. १९९७ च्या क्योटो करारात धूर कमी करण्याचं बंधन फक्त श्रीमंत देशांवर होतं. भारत, चीन, ब्राझील यांच्यावर नव्हतं. श्रीमंत देशांनी गरीब देशांत प्रकल्प काढावा आणि तिथे वाचलेला धूर आपल्या हिशेबात धरावा, अशी सोय त्यात होती. त्यासाठी एक अट अशी, की यजमान देशाने एक अधिकृत संस्था नेमावी आणि तिने लेखी पत्र द्यावं. पत्रात दोन गोष्टी असायच्या. आमचा सहभाग स्वखुशीचा आहे, आणि या प्रकल्पाने आमच्या देशाच्या शाश्वत विकासाला हातभार लागतो. आपल्या संस्थेने त्यासाठी चार कसोट्या ठरवल्या: सामाजिक कल्याण, आर्थिक कल्याण, पर्यावरणाचं कल्याण आणि तंत्रज्ञानाचं कल्याण. चारही शब्द इतके मोठे, की त्यांत न बसणारा प्रकल्प शोधून काढणंच अवघड.

आणि भारतावर बंधनच नसल्यामुळे पत्र देण्याने देशाच्या खात्यातून काही जात नव्हतं. ‘हो’ म्हटलं की परकीय चलन येणार, ‘नाही’ म्हटलं तर उद्योजक नाराज होणार. अशा परिस्थितीत कोणता अधिकारी ‘नाही’ म्हणेल? सुमारे तीन हजार प्रकल्पांना अशी पत्रं मिळाली. त्यांतले सोळाशेहून अधिक पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाकडे नोंदले गेले. चीनखालोखाल आपलाच नंबर. नकार देणारी म्हणून ती संस्था कधीच ओळखली गेली नाही.

नोंदलेले प्रकल्प कोणते होते हेही पाहा. देशातला पहिला नोंदणीकृत प्रकल्प, २००५ सालचा, गुजरातमधल्या एका रसायन कारखान्याचा. फ्रिजसाठी लागणारा एक वायू तयार करताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू आपोआप निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत दहा हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो. तो जाळून टाका आणि क्रेडिट घ्या. जाळायला खर्च किरकोळ, क्रेडिट मिळणार लाखांनी. पुढे जगभर संशय असा आला, की काही कारखाने क्रेडिटसाठी मुद्दाम जास्त वायू तयार करतात. शेवटी युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट घेणंच बंद केलं. गुजरातेतच मुंद्र्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रालाही या योजनेत जागा मिळाली. कारण काय, तर जुन्या तंत्राच्या मानाने कोळसा थोडा कमी लागतो. शाश्वत विकासाच्या चार कसोट्यांतून कोळसाही पार झाला.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पवनचक्क्यांचं. साताऱ्यात पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढे धुळे जिल्ह्यात साक्रीकडेही. वारा स्वच्छ, वीज स्वच्छ, यात वाद नाही. पण कार्बन क्रेडिटचा पहिला नियम असा आहे, की क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर हा प्रकल्प झालाच नसता, हे सिद्ध करावं लागतं. आता त्या काळात पवनचक्कीत पैसे गुंतवणाऱ्याला पहिल्याच वर्षी आयकरात शंभर टक्के घसारा मिळत होता. नंतर तो ऐंशी टक्के झाला. ज्यांचा विजेशी कधी संबंध आला नाही असे व्यावसायिक कर वाचवायला पवनचक्क्या घेत होते. मग त्या उभ्या राहिल्या त्या घसाऱ्यामुळे की क्रेडिटमुळे? हा प्रश्न यजमान देशाच्या संस्थेने विचारायला हवा होता, कारण आयकराचे नियम तिलाच सगळ्यात जवळून माहीत. तिने तो परदेशी तपासनिसांवर सोडला.

आणखी एक नमुना सांगतो, कारण तो गावाशी संबंधित आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक प्रकल्पाच्या कागदात स्थानिक लोकांचं म्हणणं जोडावं लागे. २००५ मध्ये ‘डाऊन टू अर्थ’ या दिल्लीच्या नियतकालिकाने वेगवेगळ्या प्रकल्पांचे कागद शेजारी ठेवून दाखवलं, की गावकऱ्यांची मतं शब्दाला शब्द सारखी आहेत. वेगळ्या गावचे सरपंच एकाच वाक्यात प्रकल्पाचं स्वागत करत होते. म्हणजे सल्लागाराने एकदा लिहिलं आणि पुढे नकलून काढलं. दिल्लीत बसून चार कल्याणं तपासणाऱ्याने त्या गावात एक फोन केला असता तरी पुरे होतं.

भाव तेजीत होता तोवर हे सगळं खपून गेलं. २००८ मध्ये एका क्रेडिटला वीस युरोंच्या वर भाव होता. २०१२ संपता संपता तो एका युरोच्याही खाली आला. युरोपने नव्या प्रकल्पांसाठी दार फक्त अतिगरीब देशांना उघडं ठेवलं. क्रेडिटच्या आशेवर आखलेले कित्येक प्रकल्प कागदावरच राहिले.

पॅरिस करारात परिस्थिती पालटली. आता बंधन प्रत्येक देशावर आहे, भले ते देशाने स्वतः घालून घेतलेलं असो. २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचा धूर २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करू, असं भारताने सांगितलं आहे. जंगल आणि झाडं यांतून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषला जाईल इतका साठा उभारू, असंही. त्यामुळे आज एक टन परदेशी विकला की तो आपल्या शब्दातून वजा होतो. जो टन वाचवायला स्वस्त आहे तो आधी विकून टाकला, तर उद्या आपलं वचन पाळायला महागडा टन वाचवावा लागेल.

म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने परदेशी व्यवहारासाठी जी यादी काढली ती मुद्दाम महागड्या तंत्रांची आहे. हरित हायड्रोजन, समुद्रातली पवन ऊर्जा, साठवणुकीसह सौर ऊर्जा, विमानाचं जैविक इंधन, लाटांवरची वीज वगैरे. मला हे धोरण पटतं. पहिल्या संस्थेपेक्षा हा विचार खूपच पोक्त आहे. पण या यादीवर एक नजर बुलढाण्यातून टाका. शेती नाही, झाड नाही, माती नाही. देशांतर्गत कार्बन बाजारासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने मार्च २०२५ मध्ये पहिल्या आठ पद्धतींना मान्यता दिली. त्यांत झाडं लावण्याची पद्धत आहे ती खारफुटीची. लोणारचं पाणी कितीही खारट असलं तरी तिथे खारफुटी होत नाही!

म्हणजे दिल्लीतली संस्था ज्यावर पहारा देते आहे ते आपल्याकडे फारसं नाही. आणि आपल्याकडे जे आहे त्यावर कोणाचाच पहारा नाही. माझा सगळा मुद्दा हा एवढाच आहे. आता गुरुजींच्या दंडकाप्रमाणे जिल्ह्यात परत येतो.

आपल्याकडे कार्बन येतो तो तिसऱ्या वाटेने, ज्याला ऐच्छिक बाजार म्हणतात. इथे सरकारी मंजुरी लागत नाही. नोंदणी होते वॉशिंग्टनच्या ‘व्हेरा’कडे किंवा जिनिव्हाच्या ‘गोल्ड स्टँडर्ड’कडे. मधे एक कंपनी असते, ती शेतकऱ्यांची मोट बांधते. मोट बांधणं भाग आहे. महाराष्ट्रात खातेदाराची सरासरी जमीन २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर होती. एवढ्या जमिनीच्या क्रेडिटचा तपासणी खर्चही निघत नाही, म्हणून हजारो खातेदार एकत्र करावे लागतात. धुऱ्यावर सागवान-बांबू लावा, वखरणी कमी करा, पऱ्हाटी जाळू नका, अशा तऱ्हेचे हे प्रकल्प असतात. त्यांतल्या कित्येक गोष्टी शेतीला चांगल्याच आहेत. विदर्भाच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेल्या जमिनी भरपूर आहेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-जळगाव जामोदकडे, मातीची अवस्था आणखी बिकट. कर्ब वाढला तर पाणी धरून राहील, पीक तगेल. कोणी पैसे देवोत न देवोत, हे करायलाच हवं.

पऱ्हाटीचं उदाहरण जरा जवळून पाहू. कापूस वेचून झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये वावरात पऱ्हाटी उभी असते. ती लवकर कुजत नाही, गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते, म्हणून उपटून धुऱ्यावर पेटवून देतात. तीच पऱ्हाटी हवा कोंडून तापवली तर तिचा कोळसा होतो. त्याला बायोचार म्हणतात. तो मातीत मिसळला तर शेकडो वर्षं टिकतो, म्हणून त्याच्या क्रेडिटला झाडाच्या क्रेडिटपेक्षा चांगला भाव आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून एक लाख टनांची अशी क्रेडिट घ्यायचा करार केला, तेव्हा देशभर या धंद्याकडे लक्ष गेलं. आता गावातलं दृश्य बघा. पऱ्हाटी सगळीच काही जाळली जात नाही. अनेक गावांत भूमिहीन घरातल्या बायका ती उपटून देतात आणि मजुरीऐवजी सरपण म्हणून घरी नेतात. पावसाळाभर त्यांची चूल त्यावर चालते. उद्या पऱ्हाटीला भाव आला, टेम्पो बांधावर आला, की त्या बाईच्या चुलीत काय जाईल? ती जंगलातून लाकूड आणेल. मग एका बाजूला क्रेडिट तयार झालं आणि दुसऱ्या बाजूला ज्ञानगंगा अभयारण्याचं जंगल तुटलं. तांत्रिक भाषेत याला गळती म्हणतात. ही गळती उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही. गावातल्या कोणालाही विचारा, तो एका मिनिटात सांगेल.

पैशाचं गणितही मांडू. समजा, चांगली काळजी घेऊन एका एकरात वर्षाला अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइड मातीत जिरला. समजा, भाव टनाला हजार रुपये मिळाला. त्यातून तपासणी, नोंदणी, कंपनीचा वाटा वजा जाता निम्मे हाती आले, तर एकरी अडीचशे ते पाचशे रुपये. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. कार्बनची वर्षाची कमाई त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही. तोही हमीभाव बाजारात मिळत नाही म्हणून आपण ओरडतो, ते वेगळं. कार्बन क्रेडिटने शेतकरी मालामाल होईल, असं सभांमधून सांगणाऱ्यांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावं.

मोताळा तालुक्यातल्या एका कास्तकाराने मला असा एक करार दाखवला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असले करार बहुतेक एकाच साच्यातून निघतात. इंग्रजीत, बारीक टायपात. शेवटच्या पानावर तेवढी मराठीत ओळ, ‘मला सर्व अटी समजल्या आहेत’. अटी अशा: जमिनीतल्या आणि तिच्यावरच्या कार्बनचे सर्व हक्क तीस वर्षांसाठी कंपनीकडे. शेतकऱ्याला वाटा मिळणार तो ‘खर्च वजा जाता’, आणि खर्च किती याचा आकडा कुठेच नाही. झाड तोडलं तर घेतलेले पैसे परत. जमीन विकली किंवा वारसांत वाटली गेली तर अटी पुढच्या मालकालाही लागू. वाद झाला तर निवाडा दूरच्या महानगरात. त्या गृहस्थांचं वय बासष्ट. तीस वर्षांच्या अटी त्यांनी कोणाच्या वतीने मान्य केल्या?

गंमत पाहा. शेतकऱ्याने सोसायटीचं पीक कर्ज घेतलं तर त्याचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात चढतो. विहिरीतला हिस्सा असला तरी तिथे नोंद असते. पण तीस वर्षं जमिनीला चिकटून राहणाऱ्या या कराराची नोंद कुठेच नाही. जमीन घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. नोंद करा म्हणावं, तर दुसरी भीती. कार्बनचा बोजा पाहून बँकेने पीक कर्ज नाकारलं तर? याचं उत्तर ना तहसीलदाराकडे, ना कृषी सहायकाकडे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. दिशा चांगली आहे. पण आराखड्याने करार थांबत नाही आणि तक्रार ऐकली जात नाही.

‘क्रेडिट नसतं तर हे झालं नसतं’ या नियमाचा आणखी एक विचित्र परिणाम आपल्या जिल्ह्यात दिसेल. ज्याने बापजाद्यांपासून धुऱ्यावरचे निंब आणि बाभळी राखल्या त्याला दमडी मिळणार नाही, कारण ती झाडं आधीपासूनच आहेत. ज्याने दहा वर्षांपूर्वी सगळं तोडून धुरे साफ केले त्याने आज रोपं लावली की तो पात्र! तलावातला गाळ महामार्गाच्या भरावाला देऊन तलाव खोल करायचा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर नावाजला गेला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्यांनी पदरचा वाहतूक खर्च करून गाळ वावरात टाकला. मातीसाठी याहून चांगलं काम नाही. पण ते आपण कोणाच्या क्रेडिटची वाट न पाहता केलं, म्हणून बाजाराच्या लेखी त्याची किंमत शून्य. हा दोष बाजाराचा आहे असं मी म्हणणार नाही, तो त्या नियमाचा स्वभाव आहे. पण चांगल्या शेतीचं सगळं धोरण क्रेडिटवर टांगू नये, हे मात्र यातून कळतं.

आता शेतावरून जंगलाकडे. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुड्यात आदिवासी गावं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे येतं. मग त्या जंगलातला कार्बन कोणाचा? या प्रश्नाचा जुना अवतार आपण गडचिरोलीत पाहिलेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो विकायला नेताना वाहतुकीचा परवाना देणार वनखातं, आणि ते देईना. हक्क गावाकडे, शिक्का खात्याकडे. अखेर एप्रिल २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने निर्णयाची रीत त्याआधीच बसवली होती. अभ्यास गटात विषय आधी समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहायचं. एकाचा जरी विरोध असला तरी घाई नाही. राष्ट्रीय संस्थेने कोणाकडून काही शिकायचं असेल तर ते मेंढ्याकडून शिकावं.

जगात याच्या उलट झालेलंही आहे. पापुआ न्यू गिनीमध्ये २००९ च्या सुमारास हवामान बदलासाठी सरकारी कार्यालय उघडलं गेलं, आणि काही महिन्यांत त्याच कार्यालयाच्या प्रमुखाच्या सहीची जंगलाची कार्बन प्रमाणपत्रं बाजारात फिरू लागली. ज्या कुळांची ती जंगलं, त्यांना पत्ता नाही. प्रमुखाला निलंबित करावं लागलं. झिंबाब्वेने मे २०२३ मध्ये दुसरं टोक गाठलं. कार्बनच्या कमाईतला अर्धा हिस्सा सरकारचा, असं एका दिवसात जाहीर करून टाकलं. एके ठिकाणी संस्था विकली गेली, दुसरीकडे सरकारच वाटेकरी झालं. गाववाला दोन्हीकडे बाहेरच.

मग आपल्या संस्थेकडून मागायचं काय? माझी पहिली मागणी अशी, की तिने नकार द्यावा आणि तो कारणांसह प्रसिद्ध करावा. मंजूर प्रकल्पांची यादी सगळेच देतात. नाकारलेल्यांची यादी वाचली की संस्थेची लायकी कळते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आज ऐच्छिक बाजार तिच्या कक्षेबाहेर आहे. परदेशात विकला जाणारा टन कोणत्याही वाटेने जावो, तो भारताच्या मातीतलाच असतो. त्यामुळे शेतजमीन किंवा सामूहिक वन गुंतलेला कोणताही कार्बन करार निदान तिच्याकडे नोंदवला जावा. करार मराठीत असावा, मुदत मर्यादित असावी. शेतकऱ्याचा वाटा अंतिम विक्रीच्या भावाच्या टक्केवारीत लिहिलेला असावा, ‘खर्च वजा जाता’ नको. आणि जिल्ह्यात तक्रार ऐकणारं एक टेबल असावं. जिल्हाधिकारी कार्यालयात अशी टेबलं कमी आहेत असं नाही, त्यांत आणखी एक.

हे जमण्यासारखं नाही, असं कोणी म्हणेल. पण मी विचारतो, मोट बांधायला परगावची कंपनीच कशाला हवी? शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्याकडे आहेत. सहकाराची सवय आहे. याच गावातून उभी राहिलेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था गोदामात माल ठेवून शेतकऱ्याला कर्ज देते. मालाचं वजन, प्रत, नोंद, पावती हे काम इथल्या माणसांना नवं नाही. कार्बनचं मोजमाप अधिक किचकट आहे, हे खरं. पण विश्वासाने हिशेब ठेवणारी माणसं मिळणं हे त्यातलं अवघड काम, आणि ती आपल्याकडे आहेत. प्रयोगशाळा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची वापरता येईल.

एक शंका मला नेहमी विचारतात. क्रेडिट विकत घेऊन स्वतःचा धूर भरून काढण्याचा, म्हणजे ऑफसेटचा, हा सगळा धंदाच लबाडीचा आहे, श्रीमंतांना धूर सोडत राहण्याचा परवाना आहे, मग त्यासाठी संस्था हवीच कशाला? शंका रास्त आहे. माझ्या मते ऑफसेटने जगाचा ताप उतरणार नाही. पण करार आपल्या वावरापर्यंत आलेले आहेत. बाजार वाईट आहे म्हणून बाजार समितीच नको, असं आपण कधी म्हटलं नाही. समितीवर धड माणसं निवडून द्या, असंच म्हणत आलो.

म्हणून आज इथे बसलेल्या कास्तकारांना, सरपंचांना आणि विशेषतः शिकून गावात राहिलेल्या तरुणांना एवढंच सांगतो. कार्बनचा करार घेऊन कोणी आलं तर त्याला हाकलू नका, आणि लगेच सहीही करू नका. करार मराठीत मागा. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या, भूमिहीन घरातल्या बायकांनाही त्या सभेला बोलवा. एखाद्या वकिलाला दाखवा. विक्रीचा भाव किती, आमचा वाटा किती टक्के, मुदत किती आणि वाद कुठे चालणार, हे लेखी घ्या. आणि ग्रामसभेचा एक ठराव करून दिल्लीच्या त्या २१ जणांच्या समितीला पाठवा, की आमच्या शिवारातल्या कार्बनचा कोणताही व्यवहार आम्हाला विचारल्याशिवाय मंजूर करू नका. पत्ता पर्यावरण मंत्रालयाचा, इंदिरा पर्यावरण भवन, जोर बाग रोड, नवी दिल्ली. ठराव स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.